तिकीट क्रमांक १०००००३

वेसवीला ओहोटी लागली की रॅम्प चिखलात टेकतो,
बोट थांबते,
आणि मला तास-दीड तास मिळतो
खिडकीच्या आत, गल्ला मोजून झाल्यावर.

त्या दिवशी पुस्तकातून फाटून गेलं ते:
एक, मग पाच शून्यं, मग तीन.
हौसाबाय चोगलेनं घेतलं.
चार रुपये सुटे नव्हते, बाकी ठेवले.
पाटी डोक्यावर चढवून ती बागमांडल्याला गेली.

दशलक्षावं कुणी नेलं, आठवत नाही.
त्याला दोन भागतात, पाच भागतात,
सोपं गिऱ्हाईक.
हे मात्र अनवाणी टाचेत
कालवाची कपची रुतते तसं रुतलं.

स्थळप्रतींच्या पाठीवर भाग द्यायला बसले.
तीन: आकड्यांची बेरीजच चार, गेला.
सात: बाकी चार.
अकरा: चार.
तेरा: चार.
वाटलं, चुकतंय माझं. पुन्हा केलं. चारच.
सतराला बारा उरले, एकोणिसाला चौदा,
आणि सदतिसापाशी आले तर
दारात परत तेच चार,
शेवटची फेरी चुकलेल्या माणसांसारखे.

(सहा नवांच्या आकड्याला हे सगळे भागतात
आणि तो फक्त चार पावलं मागं आहे, म्हणून.
हे रात्री कळलं, तव्यापाशी.
भाकरी करपली.)

रमजान तांडेल डोकावला,
"हिशेब चुकला काय गो?"
म्हटलं, नाही, जुळत नाहीये
ते बरोबर आहे का बघतेय.
तो डिझेल आणायला गेला.

हजाराच्या आत मूळ संख्या एकशे अडुसष्ट.
एकेकीला विचारायचं, घेतेस का पदरात?
हजारापुढं जायला नको.
तिकडचा कुणी भागत असता
तर त्याचा जोडीदार अलीकडं सापडलाच असता.
खाडीचंही तसंच,
या काठावर सगळ्यांना विचारलं
की पलीकडचं आपोआप कळतं.

अकरा ओहोट्या लागल्या.
शेवटी नऊशे सत्त्याण्णव: बाकी बारा.
खाली रेघ मारली नाही.

मागं विसावं तिकीट असंच एकटं होतं,
पुढचं असं थेट तिसावं.
मधे कुणी नाही.
म्हणजे माणसं आहेत, पाट्या, मोटरसायकली,
शाळेची पोरं, एक बकरीवाला,
पण असं कुणी नाही.

हौसाबायला थांबवून सांगितलं,
तुझं ते तिकीट, त्याला कशानंच भाग जात नाही.
"कुठलं? त्याची सुरळी करून
मांदेलीचा काटा काढला मी दातातला,
आणि दिलं खाडीत."
मग जरा विचार करून म्हणाली,
"भाग जात नाही ते बरं.
आमच्या घरात सात वाटेकरी.
ते राहू दे, माझे चार रुपये बाकी आहेत, ते दे."

दिले.
भरती चढत होती, रॅम्पखाली पाणी आलं होतं.