गवत ज्याचं त्यानं आणावं

गुरुवारी साडेतीननंतर आमच्या ऑफिसात
एसी सोडून कुणी काम करत नाही.
हसनभाई पडदा खाली ओढतात
आणि विमानातून काढलेला एक फोटो लावतात, नाव खोडून.
ओळखा, कुठलं गोल्फचं मैदान.
हरेल त्याने सगळ्यांना करक चहा.

आम्ही तिघांनी कधी ती काठी हातात धरलेली नाही.
शाजहान कोल्लमचा, पाइप बघतो :
पाणी कुठून येतं ते कळलं की गाव कळतं, म्हणतो.
नीलुफा तळी बघते. चितगावला तिच्या घरामागे
प्रत्येक डबक्याला नाव होतं,
त्यामुळे इथली बिननावाची तळी तिला सहन होत नाहीत.
मी वाळूचे खड्डे मोजते,
वरून ते उंदराने कुरतडलेल्या नानकटाईसारखे दिसतात.

हसनभाई उखाणा घालावा तशी खूण सांगतात :
सातव्या होलला चेंडू मारला
तर विमानाची सावली त्याच्याआधी पोचते.
दुबई!
कावळा चेंडू पळवतो, डोंगर परत देत नाही.
मस्कत, मस्कत!
(हे कावळ्याचं त्यांनी मनानेच रचलं असणार.)

आज मात्र फोटोत हिरवं काहीच नव्हतं.
जुना, कडेने पिवळा पडलेला,
नुसती वाळू, एक सरळ रस्ता,
आणि वाळवंटाला दृष्ट लागू नये म्हणून
कुणी अठरा ठिकाणी तीट लावावी
तसे काळे गोल.
शाजहान म्हणाला, तेलाच्या टाक्या.
नीलुफा म्हणाली, तंबू जळाले असतील.
हसनभाई नुसते हसले. खूण एकच :
इथे गवत ज्याचं त्यानं आणावं.

बाणकोटला आमच्या न्हाणीच्या दाराशी
वीतभर रुंद, हातभर लांब
एक प्लास्टिकचं हिरवं गवत होतं.
बारा वर्षं आम्ही त्याला पाय पुसले.
मधोमध त्याला एक टक्कल होतं,
मला वाटायचं, आमच्याच पायांनी पडलं.

अब्बा पत्रात लिहायचे, काम हलकं आहे.
वाळूत तेल कालवायचं, रोलर फिरवायचा,
साहेब खेळून गेला की त्याची पावलं पुसायची.
अम्मी म्हणायची, वाळूला तेल!
आणि माझ्या कढईला थेंब नाही.
सुट्टीवर आले की अब्बांच्या नखांत काळं असायचं,
दर्याची रेती घेऊन घासायचे, जायचं नाही.
कुठल्याशा साहेबाने देश सोडताना
बगलेतलं ते गवत त्यांना देऊन टाकलं होतं.
चेंडू त्याच्यावर ठेवून मारायचा
आणि पुन्हा उचलून पुढे चालायचं,
असं त्यांनी एकदा न्हाणीसमोर करूनही दाखवलं,
केरसुणीने, लिंबावर.
लिंबू गोठ्यात गेलं. अम्मी आठवडाभर बोलली नाही.

मी म्हटलं, इथलंच.
इथून चाळीस मिनिटं, तेल कंपनीच्या वसाहतीमागे.
हसनभाईंनी चष्मा काढला. अगं,
ते तर तुझ्या जन्माच्या सुमाराला मोडलं,
तिथे आता गोदामं आहेत, तुला कसं माहीत?
मी म्हटलं, पायांना माहीत होतं.
त्यांना ते नीट कळलं नाही. माझं इंग्रजी तोकडं.

चहा आणायला सगळे खाली गेले
तेव्हा मी फोटो मोठा करून बघितला.
अकराव्या गोलाच्या कडेला एक ठिपका आहे,
त्याला सावली आहे, म्हणजे तो उभा आहे.
सावली लांब, पश्चिमेकडे पडलेली.
सकाळचे सहा असतील, रोलर फिरवायची वेळ.
आणखी मोठा केला
तर नुसते चौकोन दिसायला लागले,
राखी, तपकिरी, एक जरा काळा.

खालून शाजहानची हाक आली,
रुबिना, साखर किती?
मी पुन्हा लहान करत गेले,
तो उभा दिसेपर्यंत.