शेऱ्याचा रकाना

चौतीस वर्षं महालेखाकारांच्या कचेरीत
दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका शोधल्या.
हिरवी शाई, बारीक अक्षर:
पावती जोडलेली नाही. खुलासा करावा.
निवृत्तीनंतरही हात शिवशिवत राहिला,
म्हणून दौलतगंजातल्या वाचनालयाची मागची खोली
रविवारपुरती मागून घेतली,
आणि बारावीतल्या पोरांना निरोप धाडला:
या, पुढे काय शिकायचं ते मिळून बघू.

मिळून, म्हणालो खरा.

पहिल्या वर्षी तौफीक आला. हजिराचा,
बंद गिरणीच्या चाळीतला. गणित पक्कं.
मी म्हटलं, इंजिनिअरिंग. त्याने मान हलवली,
आणि ती मान कुठल्या बाजूने हलली
हे मी नीट बघितलं नाही.
दुसऱ्या सत्रात तो परत आला.
आता नया बाजारात मोबाइलच्या काचा बदलतो.
माझी बदलली तेव्हा पैसे घेईना.
अजून 'सर' म्हणतो.
हा आक्षेप कुठल्याच वहीत नाही,
मला तोंडपाठ आहे.

म्हणून खुशबू बाथम आली
तेव्हा मी आधी गप्प बसलो.
तीही गप्प. पंखा तेवढा बोलत होता.
तिच्या बोटांची टोकं काळी,
नखांच्या कडेला चिरा.
"सिंघाड़े," मी न विचारताच ती म्हणाली,
"सीज़न है, सर."

उत्पन्नाच्या दाखल्याला तिच्या आईचा अंगठा हवा होता.
यंत्र ओळख देईना.
धुऊन, पुसून, लिंबू चोळूनही नाही.
वीस वर्षं शिंगाडे सोलून
अंगठ्यावरच्या रेषाच झिजून गेलेल्या,
आणि सरकारला पुरावा हवा होता
की ही बाई गरीब आहे.
उद्या या. परवा या. गुरुवारी या.
मार्गदर्शन मार्गदर्शन म्हणतात ते हेच असावं:
रांगेत उभं राहायचं,
आणि खिडकीतल्याला त्याचाच नियम
त्याच्याच परिपत्रकातून वाचून दाखवायचा.
तेवढं मला येतं.
सहाव्या खेपेला बुबुळावर काम भागलं.
पायऱ्या उतरताना आई हसली,
"आँख तो अभी बची है।"

मग अर्ज. शाखा कोणती?
माझ्या जिभेवर बी.कॉम. तयारच होतं,
ते चहाबरोबर गिळलं. जीभ पोळली.
"तूच सांग."
तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.
शिंगाड्यावर औषध मारलं, की तळ्यातले मासे
पांढरं पोट वर करून तरंगतात.
बाप म्हणतो, नशीब.
मला बघायचंय, ती म्हणाली,
ते नशीबच आहे का.

जबलपूरला मत्स्यविज्ञान शिकवतात
हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं.
कळलं म्हणजे, तिने सांगितलं.

ती गेली त्या दिवशी मी स्टेशनवर गेलो नाही.
गुडघा दुखत होता, असं सांगितलं.
वहीत तिच्या नावापुढे
शाळा, गुण, खर्च, सगळं भरलेलं आहे.
शेऱ्याचा रकाना तीन महिने कोरा.
'समाधानकारक' लिहिलं असतं,
पण तो शब्द मी आयुष्यभर
ज्यांच्याबद्दल काही वाटलं नाही त्यांच्यासाठी वापरला.

परवा तिची आई आली.
उकडलेल्या शिंगाड्यांची ओली पिशवी
नेमकी वहीवर ठेवली.
मी ओरडणार होतो.
शाई फुटली, रकाने एकमेकांत गेले,
आणि ती पदराने पुसू लागली तसं
आणखीच पसरलं.
"रहने दो," मी म्हटलं.

मग तिने पिशवीतून दुसरी वस्तू काढली:
बाटली, झाकणाला चिंधी बांधलेली,
आत तळ्याचं हिरवट पाणी.
लड़की ने मँगाया है, म्हणाली. जाँच के लिए।
डाक से जाता है क्या, पानी?

बघतो, म्हटलं.
द्रवपदार्थांबद्दल काहीतरी नियम आहे.