खाली म्हणजे चालू

कंपनीने कागद दिले नाहीत.
मागितले होते, दोनदा.
उत्तर आलं ते नुसतं आभाराचं.

म्हणून टिळकनगरच्या सातव्या मजल्यावर
हा नवाकोरा लॅपटॉप पालथा घालून बसले आहे,
अकरा स्क्रू लोणच्याच्या बरणीच्या झाकणात.
कर्नल जुनाच. शंभर घरांत नांदलेला.
पण या घरात मोहरीचा डबा कुठला, हिंगाचा कुठला,
हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.
ते मी लिहायचं. चाचपून चाचपून.

फोनवर आई विचारते, हा कर्नल कोण गं,
रात्री दोनपर्यंत?
आहे एक, म्हणते मी. निवृत्त होत नाही.

लॅमिंग्टन रोडला जिन्याखाली मुश्ताक दळवींचं टेबल.
त्यांनी बोर्ड नाकाशी नेला, वास घ्यावा तसा.
तिळाएवढे तीन ठिपके, त्यांवर केसाएवढ्या तीन तारा:
एक बोलायची, एक ऐकायची, एक जमिनीची.
"जमिनीची आधी," म्हणाले,
"ती नसेल तर बाकी दोघी काहीही बरळतात."
पैसे?
"चालू झाला की बघू."

त्याच रात्री तारेतून पहिली ओळ आली.
मग दुसरी. मग चारशे, आणि धाडकन मरण.
पुन्हा.
कीबोर्ड आला चौथ्या दिवशी.
पंखा आला तो विमानासारखा, मग शहाणा झाला.
बॅटरी दोन आठवडे सांगत राहिली
की ती एकशे सहा टक्के भरलेली आहे.

पडदा मात्र काळा.
लॉग म्हणतो, चालू आहे. पडदा काळा.
त्यात फक्त खिडकीतली माहुलच्या रिफायनरीची ज्योत,
उलटी, हलणारी.

सतराव्या रात्री स्क्रू शोधायला फोनचा टॉर्च लावला
आणि उजेड तिरका पडला काचेवर.
आत, राखेत बोटाने काढावीत तशी अक्षरं.
माझंच नाव. पुढे लुकलुकणारी उभी रेघ.
किती रात्री ती तिथे उभी होती
पासवर्डची वाट बघत, अंधारात,
आणि मी तिला मेलेली समजून
दर वेळी बटण दाबून ठार करत होते.

चित्र होतं. दिवा नव्हता.
दिव्याची पिन बेचाळीस, तीही बरोबर होती.
मी तिला वर उचलत होते;
तिला खाली सोडायचं होतं.
या पिनेचं तसंच आहे, खाली म्हणजे चालू.
एक शब्द बदलला.
काचेतली ज्योत पुसली गेली.

पॅचखाली तपासणाऱ्याचं नाव लागतं, ईमेलसकट.
मुश्ताकभाईंना ईमेल नाही.
"दुकानाचा नंबर टाक," म्हणाले,
"फक्त दोन ते तीन कुणी करू नका म्हणावं, मी झोपतो."

तेही लिहिलं.
स्पीकर अजून मुका आहे.