पाच फळ्यांचा समुद्र

समुद्रपूरच्या स्टँडवरून पार्सल आणलं.
नावातच काय तो समुद्र आमच्या तालुक्याच्या.
खोक्यात पाच फळ्या,
मधली सगळ्यांत उंच.

भिंत नवी, पण सरळ नाही.
पहिला खिळा वाकला, दुसऱ्यानं पोपडा काढला,
तिसऱ्या फळीतलं पाणी
दुसरीपेक्षा बोटभर वर चढलं.
"सांडून रायला नं समुद्र," मंदा म्हणाली.

मग गुणवंता गवंडी आला.
पायरीवर बसून त्यानं
नळीत बोअरचं पाणी भरलं,
टिचक्या मारून बुडबुडे काढले.
एक टोक माझ्या हातात, एक त्याच्या.
"हालू नका भाऊ, पानी थांबू द्या."
पाणी थांबलं.
त्यानं कानामागची पेन्सिल काढली
आणि भिंतीवर क्षितिज ओढलं.

पैसे घेतले नाहीत. चहा घेतला.
जाताना विचारलं,
"हे पानी खारंच असन?"

आता सगळं एका रेषेत आहे.
फक्त होडी दोन फळ्यांत वाटली गेली,
आणि मधल्या चार बोटं निळसर चुन्यात
नावाडी आहे की नाही, कळत नाही.
मंदा जेवताना तिकडंच पाहते.

काल तिथं एक पाल
बराच वेळ थांबली होती.