प्रकृतीच्या कारणास्तव

साडेसहा. कँपातल्या चर्चची घंटा एक ठोका चुकून जास्त देते
आणि क्लेटस रिबेलो काउंटरच्या पितळी कठड्यावरून
शेवटचं फडकं फिरवतो.
सागवानी फळीला कोपरांनी पाडलेले दोन खळगे.
डावा कुणाचा, माहीत नाही.
उजव्यात माझं कोपर आता न बघता बसतं.

"गिमलेट?" तो विचारतो. दर गुरुवारी विचारतो,
जणू एखाद्या गुरुवारी मी पन्हं मागेन.

पर्समध्ये परवाना आहे. सरकारी कागद,
त्यावर माझा फोटो, सराईत चोरासारखा,
आणि कारण: प्रकृतिस्वास्थ्य.
बत्तीस वर्षं विमा कंपनीत बसून
लोकांच्या प्रकृतीचे हप्ते ठरवले मी.
हा एक शब्द मला अजून पटतो.

आधी लिंबू. कागदी, पातळ सालीचं.
इथे एकेकाळी बाटलीबंद रस बोटीने यायचा म्हणे.
तो यायचा थांबला तेव्हा कुण्या जुन्या बारमननं
साल, साखर, रस बरणीत मुरवून पाहिला.
क्लेटस ती बरणी अजून रोज हलवतो,
तोंडाला दादरा बांधून, लोणच्याच्या मायेनं.
मग जिन. मोजून, आणि मोजून झाल्यावर थोडी.

मग तो आवाज.
पत्र्याच्या पोटात बर्फ आपटतो
आणि कोपऱ्यात पेपराशी भांडणारे मेजर दुभाष
अग्रलेख अर्ध्यावर सोडून मान वर करतात.

या आवाजाशी माझी ओळख जुनी आहे.
माझे वडील, सोनबा, या हॉटेलात चौदा वर्षं आले,
रोज, मागच्या दारानं.
नाना पेठेतल्या कारखान्यातून सायकलवर लादी,
लादीवर भुसा, भुशावर ओलं गोणपाट.
वैशाखात घरी येऊन सांगायचे,
"आज रस्ता दोन शेर प्यायला."
त्यांनी स्वतः चहापलीकडे काही घेतलं नाही.
साहेब लोक पाण्यात काय मिसळतात
ते त्यांना कधी कळलं नाही.
पाणी त्यांचं होतं.

हे एकदा क्लेटसला सांगितलं.
तो हळहळला वगैरे नाही.
मशीनमधला बर्फ उचलून त्यानं दिव्याकडे धरला,
मधोमध भोक, आरपार दिसतंय.
"ह्याला बर्फ म्हणायचं, बाई?"

तेव्हापासून दर बुधवारी रात्री
बायकोच्या केकच्या डब्यात तो एक लादी लावतो,
गुरुवारी टोच्यानं फोडतो.
"दगड फोडतोस काय रे?" मेजर ओरडतात,
आणि आपल्या पिंक जिनमध्ये
त्यातलाच तुकडा मागून घेतात.

पहिला घोट.
दाताला कळ, गालात आंबट,
मग छातीत कुठेतरी
एक दिवा हळूच मोठा होतो.
बोलू नये. मी बोलत नाही.

दुसरा घेऊ नका, असं डॉक्टर म्हणाले आहेत.
परवान्यावर तसं काही लिहिलेलं नाही.

ग्लासखाली पाण्याचं गोल उमटतं, पसरतं,
फळीच्या खळग्याकडे निघतं.
क्लेटस फडकं घेऊन येतो.
राहू दे, मी म्हणते,
तेवढं लाकडाला पिऊ दे.