मूठभर शेवाळाची परवानगी

बरणी काकडीच्या लोणच्याची, तीन लिटरची.
सोड्यानं धुतली, व्हिनेगरनं धुतली, पुन्हा सोड्यानं,
तरी आत नाक घातलं की शेपूचा वास.
राहू दे म्हटलं. झाडांना नाक नसतं.

पहिली बाग ऑक्टोबरात मेली.
दोष माझा. केमीच्या इस्पितळात, धुलाईघरात
एकतीस वर्षं काढलेली बाई मी.
ओल म्हणजे काय, हे मला कोण शिकवणार?
वाफ मी मनगटाच्या मागच्या बाजूनं ओळखते,
चादर किती सुकली ते कानानं.
म्हणून रोज सकाळी एक पेला.
अति तिथे माती म्हणतात;
माझ्याकडे मातीचीही खीर झाली.
आठव्या दिवशी नेच्याच्या बुडाशी पांढरी लव,
मांजराच्या पोटासारखी,
आणि झाकण उघडलं तर
तळघरात विसरलेले बटाटे.

खालच्या मजल्यावरचा एतू, वय वर्षं नऊ,
डोकावून म्हणाला, "पिर्को, तू हिला बुडवलंस."
रागानं नाही. कुणी किती वाजले सांगावं, तसं.

दुसऱ्या खेपेला रीतसर.
तळाशी बोटभर खडे. वर कोळशाचा चुरा.
त्यावर माझ्या फाटक्या पायमोज्याची जाळी,
म्हणजे माती खाली उतरून खड्यांत बसत नाही.
मग माती. थोडी.
थोडी वाटते त्याहून थोडी.
विणायच्या सुईला चहाचा चमचा बांधला,
कारण बरणीच्या तोंडातून माझा हात जात नाही,
आणि एतूचा जातो, पण मूठ मिटली की निघत नाही.

राहिलं शेवाळ.
जंगल दारापासून चारशे पावलांवर.
इथे बोरं कुणीही वेचावीत, अळंब्या कुणीही न्याव्यात,
पण शेवाळ उचलायचं तर
ज्याची जमीन त्याला विचारावं लागतं.
माझ्या ओळखीत जमीनवाला एकच,
कालेर्वो, माझा धाकटा भाऊ.
आईच्या होडीवरून चार वर्षं बोलणं नाही.
होडी मी विकली होती.

"शेवाळ हवंय."
"किती?"
"मूठभर."
"कुणाच्या मुठीनं?"
तो असाच. लहानपणी पावसुद्धा मोजून कापायचा.
"एतूच्या," मी म्हटलं.
एतू कोण, त्यानं विचारलं नाही.
फोनवर नुसता श्वास,
मागे कुत्रं एकदा भुंकलं.
"बघतो."

शनिवारी दारात माशांचं खोकं,
वर ओलं वर्तमानपत्र,
आत शेवाळच शेवाळ, तीन जातींचं,
नि मध्ये भोक पडलेला एक चपटा दगड,
असले आम्ही जाळ्याला बांधायचो.
खोक्यामागे तो, टोपी न काढता.
"इंजिन चालू ठेवून आलोय."
मी कॉफी ठेवली.
तो खाली गेला, इंजिन बंद करून आला.

मग चष्मा लावून बरणीत बघत बसला.
"पाणी किती?"
"तीन चमचे."
"दोन."
"तीन."
एतू आमच्याकडे आळीपाळीनं बघत होता.
अडीच घातले. झाकण लावलं.
दगड आत मावेना;
तो खिडकीत ठेवलाय, बरणीला टेकून.

जानेवारीत उजेड इथे जेवणापुरता येतो.
बाकी वेळ टेबलावरचा दिवा, नऊ तास, नेमानं.
सकाळी काचेवर वाफ, दुपारपर्यंत उतरते.
सगळ्यात कठीण काम हे, की
काहीच काम नसतं.
हात शिवशिवतात. मी ते बुडाखाली घेऊन बसते.
शेवाळाबरोबर कोणीतरी आलंय आतमध्ये,
पूर्णविरामाएवढं, पांढरं, उड्या मारणारं.
एतूच्या मते सात आहेत. त्यानं नावं ठेवलीत.
सातव्याचं नाव कालेर्वो, हे त्या कालेर्वोला सांगितलेलं नाही.

तो रविवारी फोन करतो.
होडीचं अजून काही निघालेलं नाही.
"वाफ धरली का?" विचारतो.
मी दिव्याजवळ वाकून बघते नि सांगते,
"धरली. डावीकडे. दोन बोटं."