दोर धरलेला माणूस

दर्शनी, एक मालिका सांगते, बघ.
नाव ‘ओहोटीची फेरी’. आठ भाग, एकेक पाऊण तासाचा.
गुरुवारी रात्री ड्युटी संपवून सुरू केलीस
तर शुक्रवारी बाहरेनच्या उन्हात
डोळे चोळत मला शिव्या घालशील.
घाल.

आधी जेवून घे मात्र.
तिसऱ्या भागानंतर स्वयंपाकघरात जाववत नाही.

गोष्ट अशी:
नार्व्याहून शेवटची फेरीबोट सुटते,
खलाशी माणसं मोजतो. एकोणीस.
दिवाडीला उतरतात वीस.
विसाव्याच्या चपला ओल्या,
आणि गावातली सगळी कुत्री त्याला ओळखतात.
बस. पुढचं माझ्या तोंडून नको.

चुका आहेत, लपवत नाही.
इन्स्पेक्टरबाई म्हणे फोंड्याची,
पण तिची कोंकणी ऐकून वाटतं
बाई परवाच विमानातून उतरली.
खाजणात धूर इतका सोडलाय
की कोळंबीलाही खोकला यावा.
पाचव्या भागात एक प्रेमप्रकरण आहे,
ते सुरू झालं की चहा टाक
(दिवा लावून जा).
पण पाणी खरं आहे गो.
रात्रीचं, जाड, हलतं-न हलतंसं.
आणि रॅम्प काँक्रीटवर खरवडतो तो आवाज
त्यांनी जसाच्या तसा ठेवलाय,
ज्या आवाजासरशी आपण दोघी
अर्धी पोळी तोंडात, दप्तर पाठीवर,
उतारावरून धावत सुटायचो.

आता नीट ऐक.
चौथा भाग. बाविसावं मिनिट.
बाई बोटीवर चढते, कॅमेरा तिच्या खांद्यामागे.
डावीकडे बघ, तिच्याकडे नको.
एक माणूस खुंट्याला दोर गुंडाळतोय.
खाकी शर्ट, वरचं बटण तुटलेलं.
तो मान वर करतो
आणि सरळ आपल्याकडे पाहतो.
तीन सेकंद.

त्या रात्री पाळी कुणाची होती
ते मी तुला काय सांगू.
शाबाकाका सकाळी धक्क्यावर भेटले तेव्हा म्हणाले होते,
एवढे दिवे लावले मेल्यांनी, मासळी बावचळली.
शूटिंगचं त्यांनी तुला सांगितलंच नसेल,
फोनवर ते फक्त जेवलीस का विचारायचे.
ते मार्चमध्ये. जूनमध्ये तुला
मुंबईपर्यंतचंच तिकीट मिळालं,
आणि पुढे रस्ता बंद होता.

गंमत सांगू?
परवा डिचोलीच्या बसमध्ये कॉलेजची दोन पोरं
पैज लावत होती, बिर्याणीची:
खुनी तोच, तो दोरवाला.
नजर बघ ना त्याची, एक म्हणाला,
त्याला सगळं माहीत आहे.
दुसरा म्हणाला, तो जिवंतच नाही,
म्हणून तर नंतर दिसत नाही.
मी खिडकीकडे तोंड करून बसले.
हसले की काय केलं, मला कळलं नाही,
शेजारच्या बाईने पिशवीतलं लिंबू काढून दिलं,
तिला वाटलं बस लागली.

मला तर माहीत आहे ती नजर.
कोणीतरी रॅम्पच्या फार जवळ आलं होतं, एवढंच.
आणखी एक सेकंद ठेवला असता त्यांनी
तर ऐकू आलं असतं:
फाटीं सर, दोर लागतलो.

तर बघ. एका बैठकीत बघ, थांबू नकोस.
बाविसाव्या मिनिटाला थांबलीस तर थांब,
कितीही वेळ, मी विचारणार नाही.
पण मग पुढे जा, शेवट चांगला आहे,
खुनी सापडतो, विसावा कोण तेही कळतं.

दोरवाल्याचं मात्र कुणीच काही सांगत नाही.
लेखकाला तो माहीतच नव्हता ना.
त्यामुळे त्याच्यावरचा संशय
आठही भाग संपले तरी तसाच राहतो,
आणि रोज रात्री कुठे ना कुठे
कुणीतरी नवीन, दिवे मालवून,
त्याच्याकडे निरखून बघत बसतं.